तरवडाला कोन पानी घालतं?

डिसेंबरात आणलेल्या रोपाला मार्चपर्यंत अकरा नवी पानं आली. नेमकी अकरा, कारण मी मोजत होते. पंचवीस वर्षं बँकेत नोटा मोजण्यात गेली, नोकरी सोडल्यावर हाताला चाळा हवाच होता. सकाळी चहाचा कप घेऊन गॅलरीत जायचं, कुंडीपुढे वाकायचं, शेंड्याशी काही हललंय का बघायचं. काही हललेलं नसायचं. शेजारच्या मनीप्लँटने तेवढ्यात खिडकीचा गज गाठला होता आणि कढीपत्त्याला तिसऱ्यांदा पालवी आली होती. हे मात्र आणलं त्या दिवशी होतं तसंच: करडी, खरखरीत, जिभेच्या आकाराची पानं, आणि वीतभरही नाही अशी उंची.

रोप आणलं लेकीपायी. ती दोन वर्षं जर्मनीत शिकत होती. तिकडे घसा धरला की तिची घरमालकीण कसल्याशा करड्या पानांचा चहा करून द्यायची. 'झाल्बाय' म्हणतात त्याला. ती परत आली आणि पुण्यातल्या पहिल्याच सर्दीत त्या चहाची आठवण काढत बसली. आपल्याकडे आलं, गवती चहा, तुळस, ज्येष्ठमध असं सगळं असताना हे परदेशी लाड कशाला, असं म्हणून मी शोधायला निघालेच. इंग्रजीत सेज. वनस्पतिशास्त्रात साल्व्हिया ऑफिसिनॅलिस.

नर्सरीवाल्याला 'साल्व्हिया' म्हटल्यावर तो सरळ लाल फुलांच्या वाफ्याकडे चालू लागला. हिवाळ्यात बागांमधून, सरकारी कचेऱ्यांच्या दारांतून जी लालभडक तुऱ्यांची रांग उभी असते, तीही साल्व्हियाच, मूळची ब्राझीलची. मला हवी होती ती कोपऱ्यात, रोझमेरीच्या पिशव्यांमागे सापडली. (त्या दोघी शेजारी होत्या ते योग्यच. २०१७ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी रोझमेरीलाही साल्व्हियाच्याच प्रजातीत आणून बसवलं.) जवळपास हजार भावंडांचं हे खटलं आहे. चिया म्हणून आपण हल्ली जे बी भिजवून खातो, तीसुद्धा एक साल्व्हिया. आता एवढ्या मोठ्या घरातल्या सगळ्यांना एकच जेवण चालेल का? मी मात्र 'साल्व्हियाची निगा' म्हणून जे वाचलं ते त्या लाल ब्राझीलवालीसाठी होतं. माती कायम ओलसर ठेवा, दर पंधरा दिवसांनी खत द्या. मी तंतोतंत पाळलं.

आणि मी एकटीच नव्हते. घरात आत्या आहेत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्याकडे, माणदेशात, सासूला आत्याच म्हणतात. मी पुण्याची. लग्नानंतर महिनाभर मला ती हाक जमेना, आता दुसरं काही सुचत नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय त्या चहा घेत नाहीत. तांब्यातलं पाणी तुळशीला घालून झालं की तळाला जे उरतं ते परत घरात आणायचं नाही, शेजारच्या कुंडीत रितं करायचं. शेजारच्या कुंडीत साल्व्हिया होती. एक रोजची लोटी माझी आणि एक तांब्याचा उरलेला घोट आत्यांचा.

तुळस आणि साल्व्हिया एकाच कुळातल्या. दोघींची खोडं चौकोनी, दोघींची पानं समोरासमोर जोडीने येणारी, चुरगाळली की दोघींचा वास बोटांना दिवसभर. आत्यांनी पहिल्या दिवशी एक पान चोळून नाकाशी नेलं आणि म्हणाल्या, "कापूर हाय की गं ह्यात." खरंच असतो. सेजच्या तेलात कापूर असतो, निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्यही असतं. वासावरून त्यांनी तिला तुळशीची बहीण ठरवलं, आणि बहिणीला बहिणीसारखं पाणी. नात्यात चूक नव्हती, पाण्यात होती.

रोप वाढेना, तेव्हा माझ्या मनात एकच आलं, जे कुठल्याही बाईच्या मनात पहिल्यांदा येतं: हिच्या पोटाला कमी पडतंय. आधी मी कुंडी बदलली, चार इंची पिशवीतून एकदम बारा इंची कुंडीत, वाढत्या अंगाच्या पोराला दोन वर्षं पुढचा शर्ट घ्यावा तशी. मग खाणं. तांदळाचं धुवण, चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं दोन दिवस मुरवलेलं पाणी. कुणीतरी केळ्याची साल सांगितली, तीही पुरली. दर रविवारी मूठभर गांडूळखत. मार्चमध्ये पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या तेव्हा मी ते अशक्तपणाचं लक्षण समजून एकोणीस-एकोणीस-एकोणीस आणलं, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं विद्राव्य खत. लिटरला दोन ग्रॅम लिहिलं होतं. मी चमच्याने घातलं आणि चमचा शीग लावून होता.

खत म्हणजे झाडाचं जेवण, ही समजूत माझ्या डोक्यात इतकी पक्की होती की ती सुटायला एक रोप मरावं लागलं. झाड आपलं जेवण स्वतः करतं. उजेड, हवा आणि पाणी एवढ्या शिध्यावर. खत हे त्या स्वयंपाकातलं मीठ. मीठ अगदीच नसलं तर घास उतरत नाही, पण भूक जास्त आहे म्हणून कुणी भाजीत मीठ वाढवत नाही. विद्राव्य खतं तर रसायनशास्त्राच्या अर्थानेही क्षारच. मातीत क्षार साठले की मुळांना पाणी ओढून घेणं जड जातं, आणि भरल्या कुंडीत झाड आतून सुकतं. पानांची जळलेली कड ही त्याची पहिली पावती. आमच्या इमारतीला उन्हाळ्यात बोअरचं पाणी येतं, त्याचे क्षार वेगळेच. मातीच्या कुंडीला बाहेरून जो पांढरा बुरसा येतो, त्याला मी बुरशी समजून ब्रशने घासत बसले होते.

सेजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. नत्र जास्त मिळालं की तिची वाढ होते खरी, पण लुसलुशीत आणि लांबट. अंगात जोर नाही, वासही फिका. कातळावर उपाशीपोटी वाढलेलं सेजचं पान जास्त घमघमतं. एप्रिलमध्ये माझ्या रोपाने एकदम चार फिकट, लांबोडकी पानं काढली तेव्हा मी शेजारणीला बोलावून दाखवली होती. आता आठवलं की कसंसंच होतं.

मग पाऊस आला.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. भूमध्य समुद्राच्या काठी, जिथली ही मूळची, तिथे हे उलटं असतं. पाऊस हिवाळ्यात, उन्हाळा ठणठणीत कोरडा. डाल्मेशियाच्या, म्हणजे आताच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या चुनखडीच्या उतारांवर ती रानात उगवते. पाणी पडलं की दगडांच्या फटींतून निघून जातं. पानांवरची ती करडी लव म्हणजे अंगातलं पाणी उडू नये म्हणून केलेली व्यवस्था. अशा झाडाला आम्ही बारा इंची कुंडीत, पोटभर ओल्या मातीत, चौथ्या मजल्याच्या पश्चिमेच्या गॅलरीत झडीपुढे उभं केलं. त्यातही मी दोन दिवसांची उघडीप आली की लोटी घेऊन हजर.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिने मान टाकली. आत्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "आगं, तान लागलीया तिला." दिसत होतं तसंच. पानं लोंबलेली, शेंडा वाकलेला, अगदी तहानलेल्या झाडासारखी. आम्ही दोघींनी पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी लोंबली, म्हणून आणखी घातलं.

तिसऱ्या दिवशी मी कुंडी उपडी केली. बारा इंचांतली जेमतेम चार इंच माती मुळांनी वापरली होती, उरलेली नुसती चिखल होऊन बसली होती. आत आणखी एक गोळा निघाला, नर्सरीतली लाल चिकणमाती, मुठीत दाबलेल्या लाडवासारखी घट्ट. मी तो न फोडता तसाच लावला होता. मुळं तपकिरी, आणि एक धरून ओढलं तर वरची साल बोटात निघून आली, आत दोऱ्यासारखा तंतू राहिला. कुजका वास. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधली जागा पाण्याने भरून राहिली की हवा संपते, मुळं गुदमरतात, बुरशीसारख्या रोगांचं फावतं. कुजलेल्या मुळाला पाणी ओढता येत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेने मरतं, आणि बघणारा आणखी पाणी घालतो. एवढी साधी गोष्ट मला बावन्नाव्या वर्षी, उपड्या कुंडीपुढे उकिडवी बसल्यावर कळली.

लॅटिनमध्ये या झाडाचं नाव 'वाचवणे' या अर्थाच्या शब्दावरून आलंय. युरोपात जुना प्रश्न आहे: ज्याच्या बागेत सेज वाढते त्याने मरावंच का? इथे बागवाली ठणठणीत होती.

शेंडे अजून जिवंत होते. बोटभर लांबीच्या पाच काड्या कापल्या, खालची पानं काढली आणि चाळलेल्या रेतीत खोचल्या, आतल्या खोलीत, पावसापासून दूर. तीन सडल्या. दोन काड्यांना महिन्याभराने हलकेच ओढलं तर त्यांनी उलट धरून ठेवलं. ते इवलंसं धरून ठेवणं! त्यातली एक लेकीच्या मैत्रिणीकडे गेली. दुसरी आमच्याकडे आहे.

या वेळी मी वाचून घेतलं, ते सेजबद्दलच. आठ इंची मातीची कुंडी, भाजलेली, बाहेरून रंग न दिलेली, कारण तिच्या अंगातून ओल उडते. निम्मी पोयटा माती, निम्म्याच्या आसपास जाड रेती, थोडं गांडूळखत, बस्स. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, नाही, ते वरून कोरडं ठक्क दिसतं आणि आत ओल धरून बसतं. तळाला खापऱ्यांचा थरही नाही. हे मला पटायला वेळ लागला, कारण आपल्याकडे सगळेच तो घालतात. पण ओला स्पंज ताटलीवर ठेवला काय नि खड्यांवर ठेवला काय, तो आपलं पाणी आपल्यापाशीच धरतो. मातीही तशीच. थर घातला की ओला भाग उलट मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी, माती वाहून जाऊ नये म्हणून, एवढी पुरे.

पाणी घालायचं ते तळातून निथळेपर्यंत, ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं, आणि मग थांबायचं. घालणं सोपं आहे. थांबणं घरात दोन बायका असताना कठीण.

मी आत्यांना सांगितलं की या कुंडीत तांब्या रिता करायचा नाही. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी माती ओली होती. मी पुन्हा सांगितलं, थोडं चढ्या आवाजात. त्या म्हणाल्या, "पान्याला न्हाई म्हनू ने कुनाला."

यावर वाद घालायची माझी प्राज्ञा नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात आत्या तेवीस वर्षांच्या होत्या. दहिवडीकडच्या त्यांच्या गावात विहिरींचे तळ दिसत होते. दुष्काळी कामावर त्यांनी खडी फोडली. माझा नवरा तेव्हा दीड वर्षाचा, दगडांच्या ढिगाच्या सावलीला झोळीत. मिलो नावाच्या लाल ज्वारीची भाकरी आणि पोरांसाठी सुकडी. काम सुटल्यावर पाण्याला जायचं, डोक्यावर एकावर एक दोन घागरी. हे त्या कधी गोष्टीसारखं सांगत नाहीत, मधूनच एखादं वाक्य येतं. आमच्याकडे नळ वाहता राहिला तर त्या काही न बोलता उठून बंद करतात. अशा बाईला मी सांगत होते की समोर उभ्या असलेल्या जिवाला पाणी देऊ नका.

सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मी नुसतं बोलता बोलता सांगितलं की ही बाई डोंगरावरची आहे. कसला डोंगर, तर पांढऱ्या दगडांचा, चुनखडीचा. माती बोटभर. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही. समोर समुद्र असला तरी तो खारा. मेंढरं चरतात.

"म्हंजी आमच्या माळावानीच म्हन की," आत्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "तरवडागत हाय व्हय ही?"

तरवड मी त्यांच्याबरोबर गावी जाताना पाहिलाय. रस्त्याच्या कडेला, मुरमाड माळावर, कुठेही. पिवळी फुलं. मेंढरांनी सोडलेलं, कुणी न लावलेलं.

"तशीच," मी म्हटलं.

"आगं मंग तरवडाला कोन पानी घालतं?"

मला वाटलं प्रश्न सुटला. पण त्या अजून विचारात होत्या. पान चोळत म्हणाल्या, "पर माळावरचं देवाच्या हाताखाली अस्तंय. ह्ये कुंडीत घातलंस, म्हंजी आपल्या हाताखालचं झालं. ते कुठं जाईल पानी हुडकाया?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पुस्तकी उत्तरही फार वेगळं नाही. जमिनीतलं मूळ ओल शोधत हातभर खाली जातं. कुंडीतल्या मुळाची पळवाट आठ इंचांवर संपते. माळावरचं झाड कुंडीत आणलं की ते तरवड राहत नाही आणि तुळसही होत नाही. त्याला पाणी लागतंच, फक्त कधी, ते त्याला सांगता येत नाही. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून बघा, असं सगळे सांगतात. पण माझ्या मिश्रणात रेती इतकी की बोटाला नेहमी कोरडंच लागायचं. मग मी लेक जर्मनीला जाताना बॅगा तोलायला घेतलेला काटा बाहेर काढला. कापडी पिशवीत कुंडी ठेवायची आणि काट्याला टांगायची. पाणी निथळल्यावर सहा किलो दोनशे. चार दिवसांनी पाच किलो सहाशे. पाच किलो शंभरला आलं की पानं किंचित मऊ पडतात, तेव्हा घालायचं. मी वहीत लिहायला लागले.

आत्या हा प्रकार दोन दिवस बघत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी कुंडीच्या काठाला हात घालून ती जराशी कलती केली, पुन्हा टेकवली आणि म्हणाल्या, "अर्दा किलू गेलंय. अजून तेवढंच जाऊ दे."

मी काटा लावला. पाच किलो सातशे.

जिने उमरभर पाणी डोक्यावरून वाहिलं तिला ते हाताने तोलता येणार नाही तर कुणाला? भरल्या घागरीचं, हिंदकळून वाटेत सांडलेल्या घागरीचं, अर्ध्या घागरीचं वजन त्यांच्या मानेत अजून आहे. मला हे सुचायला काटा लागला. वही बंद झाली. काटा माळ्यावर गेला.

खताचंही मग ठरलं. नवरात्र ते संक्रांत, थंडीचे जे दिवस तिला मानवतात तेवढेच तिच्या वाढीचे. दसऱ्याला एक मूठ गांडूळखत आणि चिमूटभर निंबोळी पेंड. थंडीत दोनदा ते एकोणीस-एकोणीस, पण लिटरला अर्धा ग्रॅम, तेही ओल्या मातीत. मार्चपासून काही नाही. चाळीस अंशांत ती नुसती तग धरून असते, त्या वेळी खाऊ घालणं म्हणजे तापातल्या माणसाला पुरणपोळी. पावसाळ्यात छताखाली, भिंतीला लागून. रविवारची मूठ बंद झाल्यावर आठवड्याला एक काम कमी झालं आणि ते मला बरेच दिवस चुकल्यासारखं वाटत राहिलं.

आणि इतकं सगळं झाल्यावर लेकीने एक दिवस विचारलं, "आई, तिच्यापुढे कपड्यांचा स्टँड का आहे?" मी बघतच राहिले. सेजला सहा तास तरी ऊन हवं. आमच्या पश्चिमेच्या गॅलरीत दुपारनंतर जेवढं ऊन येतं, तेवढ्याच वेळात आमचे टॉवेल वाळत असतात. वर्षभर मी जिला पाणी-खत कमी पडतंय म्हणत होते, ती टॉवेलांच्या सावलीत उभी होती. सगळ्यात साधं कारण सगळ्यात शेवटी. स्टँड आता स्वयंपाकघराच्या खिडकीत असतो, नवरा कुरकुरतो.

तरी ती हळूच वाढते. परवा मोजली तर पहिल्या वर्षीपेक्षा किती पुढे, असं वाटून घ्यायला जागा आहे: दोन फांद्या, वीत ओलांडून चार बोटं. फूल अजून नाही, आपल्या थंडीत येईल असंही वाटत नाही. चहा आजवर दोनदा झाला, प्रत्येकी तीन पानांचा. लेकीला तो जर्मनीतल्यासारखा लागला नाही. ती म्हणाली, तिकडे मध वेगळा असतो.

सकाळी आत्या न्हाऊन येतात. तुळशीला पाणी घालतात. तांब्यात तळाला घोटभर उरतंच. मग वाकून साल्व्हियाची कुंडी एका हाताने कलती करतात, क्षणभर थांबतात. आज म्हणाल्या, "अजून दोन दिस," आणि उरलेलं पाणी परत तुळशीतच ओतलं.